विमलाबाईंचा होकार

कोपर, डोंबिवली पश्चिम
१४ जानेवारी २०२४

चि. संचिता,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात नव्याने लिहीत नाही, तेवढीच शाई वाचते.

मामाला या वयात पोस्टाची पत्रं लिहायचं कुठलं वेड लागलं, असं तू म्हणशील. गेल्या महिन्यात मी सोसायटीच्या ग्रुपवर सभेच्या इतिवृत्ताचा फोटो टाकला. चार दिवसांनी तोच फोटो फिरत फिरत माझ्याकडे परत आला. अक्षर माझं, सही माझी, आणि मधली एक ओळ भलतीच. ‘बिल्डर ठरवण्याचे सर्व अधिकार सभासदांनी सेक्रेटरींना दिले.’ ही ओळ मी लिहिलेली नाही. कोणी घातली, कशी घातली, देव जाणे. मूळ वही पुढे केली, तर आमचे चेअरमन गुरुदत्त म्हणतात, “सहदेवराव, वहीचंच पान तुम्ही बदललं नाही कशावरून?”

बावीस वर्षं मी नवप्रेरणा सोसायटीचा सेक्रेटरी आहे. पाण्याचे टँकर आणले, गच्चीच्या चाव्या सांभाळल्या, लोकांची भांडणं सोडवली, चार जणांना खांदा दिला. आणि आता माझी सही माझीच का, असं विचारतात. त्या दिवसापासून मोबाईलवर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय. तुलाही पत्रच येणार आणि तूही पत्रच लिही.

बिल्डिंगची अवस्था तू पाहिली आहेसच. परवा आमच्या स्वयंपाकघरातला स्लॅबचा तुकडा ओट्यावर पडला. तुझी नीलामामी दोन मिनिटांपूर्वी गॅलरीत गेली म्हणून वाचली. बारा घरांपैकी अकरा जणांना बिल्डिंग पाडून नवी बांधून हवी आहे. बिल्डर म्हणतो, बाराच्या बारा होकार आणा, एक जरी नाही म्हणाला तरी मी हात घालणार नाही.

तो एक नकार म्हणजे तळमजल्यावरच्या विमलाबाई. त्यांची नजर आता गेल्यात जमा आहे. उजेड कळतो, माणूस कळत नाही. तरी रोज सकाळी दूध स्वतः आणतात. दारापासून फाटकापर्यंत सव्वीस पावलं, मध्ये दोन पायऱ्या, तुळशीच्या कुंडीला हात लावून डावीकडे. दिवसभर वाती वळतात, दुकानदार घरी येऊन घेऊन जातो. त्या म्हणतात, “सहदेव, हे घर माझ्या हातांना पाठ आहे रे. दुसरं पाठ होईपर्यंत मी जगायची नाही.” 

तू ज्या कंपनीत आहेस तिथे न बदलता येणाऱ्या नोंदींचं काहीतरी करता ना? माझ्यावरचा डाग त्याने निघेल का, एवढंच विचारायचं होतं.

तुझा,
सहदेवमामा

*

नौपाडा, ठाणे
२२ जानेवारी २०२४

प्रिय मामा,

तुझं पत्र ऑफिसात आलं आणि अख्खी टीम माझ्या टेबलाभोवती जमली. एकीने तर पाकिटावरच्या तिकिटाचा फोटो काढला. मग मी वाचायला घेतलं आणि हसू गेलं. तुझ्या सहीवर संशय? ज्या माणसाने मला शाळेची सहा वर्षं घरी ठेवून घेतलं आणि प्रगतिपुस्तकावर आईऐवजी सही करायची वेळ आली तेव्हा ‘खोटी सही करणार नाही’ म्हणून शाळेत अर्ज दिला, त्याच्या सहीवर?

हो मामा, डाग निघेल. तुझ्याच भाषेत सांगते. तू खोपट डेपोत वाहतूक नियंत्रक होतास तेव्हा मला केबिनमध्ये बसवायचास. कंडक्टर खिडकीशी येऊन गाडीची नोंद करून जायचे. खोपटहून सुटलेली चिपळूण गाडी पनवेलला नोंदवली जायची, महाडला नोंदवली जायची. कंडक्टरने आपल्या कागदावर वेळ खोडली, तर महाडची वही त्याला उघडं पाडायची. ब्लॉकचेन म्हणजे तेच, फक्त वही सांभाळणारी ठिकाणं शेकडो. शिवाय प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीची खूण गुंफलेली असते. एक ओळ बदलायची तर पुढची सगळी पानं, सगळ्या ठिकाणची, एकदम बदलावी लागतील. ते कुणाच्या बापाला जमत नाही.

आमच्या ॲपचं नाव ‘साक्ष’. प्रत्येक सभासदाला बारा शब्दांची एक चिठ्ठी मिळते. ते शब्द टाकले की आत जाता येतं आणि हो किंवा नाही दाबता येतं. दाबलं की कायमचं. मला पुसता येत नाही, कंपनीचे मालक सर्वेश सर, त्यांनाही नाही. एक गोष्ट मात्र कडक पाळायची. ज्याच्याकडे चिठ्ठी, तोच सभासद, असं सिस्टिम धरते. नवऱ्याने बायकोलाही ती द्यायची नाही.

खरं सांगते, यात माझाही स्वार्थ आहे. आम्हाला अजून एकही सोसायटी मिळालेली नाही. तुमची पहिली ठरेल. आणि मामा, एकदा हे सुरू झालं की कुणी तुझ्यावर विश्वास ठेवायची गरजच उरणार नाही!

विमलामावशींना सांग, त्यांनी केसांना लावलेल्या तेलाचा वास अजून आठवतो.

तुझी,
संचिता

*

कोपर
२५ फेब्रुवारी २०२४

चि. संचिता,

‘विश्वास ठेवायची गरजच उरणार नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. तू आनंदाने लिहिलंस. मला जरा लागलं. असो.

सभेत तुझं ते महाडच्या वहीचं उदाहरण दिलं आणि सगळ्यांना एका फटक्यात पटलं. रविवारी तुमच्या ऑफिसातले दोघं येऊन गच्चीवर शिकवून गेले. बारा घरं, बारा चिठ्ठ्या. गुरुदत्त मोठ्याने म्हणाले, “आता कुणी कुणाच्या नावावर काही खपवू शकणार नाही.” बोलताना बघत होते माझ्याकडे.

आता पुढची गंमत ऐक. तिसऱ्या दिवशी बाबुराव दारात. त्यांनी चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली होती, ती ओली झाली. म्हणाले, “सहदेवराव, तुमच्याकडेच ठेवा, आमच्या घरात काही राहत नाही.” संध्याकाळपर्यंत आणखी तिघं आले. आणि शनिवारी साक्षात गुरुदत्त! “माझा मोबाईल दिवसभर नात खेळते, काय भरवसा? तुमच्या कपाटात राहू दे. मतदानाच्या दिवशी तुम्हीच दाबून टाका, आम्ही तोंडी सांगतो.” महिनाभर ज्याने मला चोर ठरवलं, त्याने आपली चिठ्ठी माझ्या हातात दिली. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. त्यांच्या पाठोपाठ बाकीचेही आले, आणि निळ्या डायरीत घरांच्या क्रमाने माझ्यासकट बाराही चिठ्ठ्या उतरवून ठेवल्या आहेत.

विमलाबाईंची सर्वांत शेवटी. त्या म्हणाल्या, “मला अक्षरच दिसत नाही, मी चिठ्ठी कुठे मिरवू? तू वाच.” मी वाचले त्यांचे बारा शब्द. नारळ, खिडकी, बुधवार, कंदील... त्या खळखळून हसल्या. “हा काय वाण्याचा हिशेब आहे का रे?” मग माझा हात चाचपून धरला. “सहदेव, माझं ‘नाही’ आहे. तेवढं नीट दाब.”

मी म्हटलं, दाबतो.

तुझा,
मामा

*

नौपाडा
१ मार्च २०२४

मामा,

अरे काय केलंस हे! सगळ्या चिठ्ठ्या आजच्या आज परत दे. तुझ्यावर माझा विश्वास आहे, तो प्रश्नच नाही. पण सगळ्या चाव्या एकाच डायरीत, एकाच माणसाकडे, म्हणजे मग ब्लॉकचेन कशाला हवी? तुझी जुनी वहीच काय वाईट होती?

एवढं लिहून मी पेन ठेवलं आणि कॅन्टीनमध्ये जाऊन आले. आता शांतपणे लिहिते. सर्वेश सरांनी तुमच्या मतदानाची तारीख कंपनीत पैसे लावणाऱ्या मोठ्या लोकांना कळवून ठेवलीय. सगळं पुन्हा शिकवायला, नव्या चिठ्ठ्या काढायला दोन महिने जातील आणि तोवर आमची कंपनी असेल की नाही, माहीत नाही. तेव्हा या वेळेपुरती राहू दे डायरी तुझ्याकडे. जो जे सांगेल तेच दाब, आणि मतदान झाल्या दिवशी चिठ्ठ्या ज्याच्या त्याला दे. ऑफिसात हे कुणाला बोलू नकोस. मी पण बोलणार नाही.

माझं चुकतंय का, हे मला कळत नाहीये. पण तू आहेस म्हणून काळजी वाटत नाही.

संचिता

*

कोपर
२० मार्च २०२४

चि. संचिता,

मतदान झालं. बारापैकी बारा होकार.

बिल्डरच्या माणसाने पेढे पाठवले. गुरुदत्तांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली आणि शाल घातली. एवढ्या उकाड्यात शाल! बाबुरावांच्या मोरीत परवा आणखी एक तुकडा पडला, त्यामुळे सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. तुझी मामी स्वयंपाकघरात पहिल्यांदा वर न बघता पोळ्या लाटते आहे.

विमलाबाईंचंही हो आलं. शेवटी पटलं त्यांना. सविस्तर पुन्हा कधीतरी.

चिठ्ठ्या परत करायला निघालो होतो, पण अजून कामं बाकी आहेत, राहू द्या म्हणाले सगळे. मामीने कोकमं काढून ठेवली आहेत, येऊन घेऊन जा.

मामा

*

नौपाडा
२ एप्रिल २०२४

प्रिय मामा,

इथे नुसता जल्लोष आहे. सर्वेश सरांनी तुमच्या सोसायटीवर एक सादरीकरण केलं. शेवटच्या पानावर विमलामावशींचा फोटो, वाती वळताना, आणि खाली ओळ : ‘दृष्टी नसलेल्या आजींनीही दिली स्वतंत्र संमती.’ सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

एक विचारायचंय. आमच्याकडे नोंदीची वेळ दिसते. बाराही होकार अठरा मिनिटांत आलेत, एकाच फोनवरून. पहिले अकरा सात मिनिटांत. मग अकरा मिनिटं काहीच नाही. आणि मग बारावा, घर नंबर दोनचा.

हे मी कुणाला दाखवलेलं नाही. मावशी तुझ्या शेजारी बसल्या होत्या ना, मामा? त्या अकरा मिनिटांत तू त्यांना समजावत होतास ना?

नुसतं हो लिहिलंस तरी चालेल.

संचिता

*

कल्याण पश्चिम
९ नोव्हेंबर २०२४

चि. संचिता,

सात महिने झाले. तुझी मधली दोन पत्रंही मिळाली. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो.

नवप्रेरणा आता नाही. दिवाळीआधी पाडली. आम्ही सगळे पांगलो. मी आणि मामी कल्याणला भाड्याने आहोत. विमलाबाईही इथेच, दहा मिनिटांवर. त्यांच्या पुतण्याने, तानाजीने, जागा शोधली. तळमजला कुठे मिळालाच नाही. दुसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्या माझ्या शेजारी नव्हत्या. मी एकटा होतो. अकरा हो दाबून झाले आणि त्यांचे बारा शब्द टाकले. समोर दोन चौकोन. एकावर हो, एकावर नाही. बाहेर सगळे पेढ्यांची वाट बघत उभे होते आणि आत ओट्याच्या वर स्लॅबचा तो खड्डा दिसत होता. मी अकरा मिनिटं बसलो. मग मनात म्हटलं, आधी दाबू, त्यांना मागाहून समजावू. तिथे आलेल्या लोकांपैकी एकानेही मला खोटं करायला सांगितलं नाही. हे माझं मीच केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, बारा होकार आले. त्यांचे हात थांबले. “माझं ‘नाही’ होतं ना रे?” मी म्हणालो, “चेनमध्ये हो आहे.” एवढंच. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं बघ! हातातली वात त्यांनी पुरी वळून ठेवली. मग म्हणाल्या, “ते बदलता येत नाही असं तूच सांगितलं होतंस. म्हणजे मीच म्हणाले असेन. हल्ली विसरायला होतं.”

तिथेच मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. पुढे रजिस्ट्रेशनच्या वेळी त्यांनी निमूट अंगठा दिला. म्हणाल्या, आधी हो म्हटलंय ना मी, मग आता मागे कशी फिरू?

आणि संचिता, त्यानंतर त्यांना कशाचीच खात्री वाटेनाशी झाली. गॅस बंद केला का, गोळी घेतली का, दूध आणलं का, सगळं दहादा दुसऱ्याला विचारतात. ज्या बाईला सव्वीस पावलं अंधारात पाठ होती, ती आता मोजताना मध्येच थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजते. परवा मलाच विचारलं, “सहदेव, मी माझ्या घराला हो कशी म्हणाले असेन रे?”

तो होकार काढून टाक. कसाही. तुझ्या पाया पडतो.

मामा

*

नौपाडा
२४ नोव्हेंबर २०२४

मामा,

माझ्या पाया पडू नकोस. मला ठाऊक होतं. ते अठरा मिनिटांचं पान पाहिलं त्या क्षणी मला कळलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस तेव्हा तर पक्कंच झालं. आणि मी सात महिने गप्प बसले, कारण त्या फोटोवर आम्हाला चाळीस सोसायट्या मिळाल्या.

काल सर्वेश सरांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “चिठ्ठी त्यांची, होकार त्यांचा. आपल्या सिस्टिममध्ये चूक कुठे आहे, दाखव.” मामा, मला दाखवता आली नाही. खरंच चूक नाहीये. जे दाबलं तेच नोंदलं गेलं, आणि ते कुणीही बदललेलं नाही.

होकार पुसता येणार नाही. फक्त त्याच्यापुढे दुरुस्तीची एक नोंद जोडता येते : हा होकार सभासदाने दिलेला नव्हता. त्यासाठी बारापैकी आठ सभासदांनी हो दाबायला हवं. बिल्डिंग परत येणार नाही, पण तेवढं लिहिलं जाईल.

पण ते नंतर. आधी मावशींकडे जा. आजच जा. त्यांना सांग की तुम्ही नाहीच म्हणाला होतात, विसरला नव्हतात.

मी राजीनामा लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. ठेवलाय, दिलेला नाही. हेही खरं तेच लिहिते.

संचिता

*

कल्याण पश्चिम
१२ जानेवारी २०२५

चि. संचिता,

तू लिहिलंस, आधी मावशींकडे जा. मी आधी सभा बोलावली. आयुष्यभर नोंदी केलेला माणूस मी. मला वाटलं, रिकाम्या हाताने काय जायचं, दुरुस्तीची नोंद करून घेऊ आणि ती त्यांना वाचूनच दाखवू. सगळे पांगलेले, कुणाला वेळ नाही, लग्नं, पाहुणे. तारीख ठरता ठरता जानेवारी उजाडला. मध्ये दोनदा त्यांच्याकडे जाऊन चहा पिऊन आलो. काही बोललो नाही. म्हटलं, आता थोडेच दिवस.

रविवारी, पाच तारखेला, डोंबिवलीत एक छोटा हॉल घेतला. मी उभा राहिलो आणि जे केलं ते सांगितलं. तारीख, वेळ, बारा शब्द टाकले ते, अकरा मिनिटं बसलो ते. कुणी ओरडेल, शिव्या देईल अशी तयारी ठेवली होती. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. गुरुदत्त उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सहदेवराव, बसा. पाणी प्या. चेन खोटं बोलत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. विमलाबाईंचं हो तिथे आहे. तुम्हाला दगदग झालीय.” बाबुराव म्हणाले, “वय झालं की होतं असं, मलाही होतं.” तुझी मामी खाली बघत बसली होती.

मी खरी सही केली तेव्हा ती खोटी ठरवली. आता खोटं केलं म्हणून सांगतो, तर तेही खरं मानत नाहीत. दुरुस्तीला एकही होकार आला नाही.

घरी आल्यावर निळी डायरी काढली. आठ होकार हवे होते आणि बाराही चिठ्ठ्या माझ्यासमोर. आठ वेळा दाबलं असतं तर खरी गोष्ट लिहिली गेली असती, आणि कुणालाही ती खोटी पाडता आली नसती. डायरी मिटून ठेवली. तेवढं तरी केलं.

खोपटच्या केबिनमधलं आठवलं. गाडी महाडला किती वाजता आली, ते वहीला ठाऊक असतं. गाडीत कोण बसलं होतं, ते कुठे ठाऊक असतं?

गुरुवारी सकाळी रिकाम्या हातानेच विमलाबाईंकडे निघालो. दार तानाजीने उघडलं. त्या सोमवारी दूध आणायला उतरल्या होत्या. त्या जिन्याला वरच्या वळणावर नऊ पायऱ्या आहेत, खालच्या वळणावर दहा. शेजारीण सांगत होती, त्या मोजत उतरत होत्या, मध्ये थांबल्या आणि तिला विचारलं, “आठ झाल्या की नऊ गं?” ती म्हणाली, नऊ. होत्या खालच्या वळणावर, समजल्या वरचं. त्यांनी सपाट समजून पाय टाकला. बुधवारी दुपारी हॉस्पिटलात त्यांनी प्राण सोडला.

शुद्धीवर असताना तानाजीला म्हणत होत्या, “मला आठवत नाही रे काही, माझं डोकं गेलंय.” त्यांचं डोकं शाबूत होतं, संचिता. हे त्यांना सांगायचं काम एकट्या माझं होतं आणि मी दहा मिनिटांवर राहत होतो.

मामा

*

नौपाडा
३ फेब्रुवारी २०२५

मामा,

राजीनामा दिला. आता देऊन काय, असं तू म्हणणार नाहीस, पण मी रोज म्हणते.

निघताना एकच मागितलं, मावशींचा फोटो साईटवरून काढा. पाच मिनिटांत काढला त्यांनी. एवढं सोपं होतं ते. होकार तिथेच आहे. काल घरून उघडून पाहिला. पुढे हिरवी खूण, खाली लिहिलंय, ‘पडताळलेले’.

माझ्याकडून तुला धीराचं काही लिहून होत नाहीये. मी लहान असताना त्या माझी वेणी घालायच्या आणि म्हणायच्या, हलू नकोस, मला हाताने दिसतं. तेवढंच सारखं आठवतं.

तू जेवतोस का? मामी म्हणाली, ताटावर बसून उठतोस. तू मला लिही. काहीही लिही.

संचिता

*

कल्याण पश्चिम
१८ जून २०२५

चि. संचिता,

जेवतो. मामीला सांगतो तू विचारलंस म्हणून.

मधल्या काळात चिठ्ठ्या परत करायला दारोदार हिंडलो. कुणीच घेईना. “असू द्या हो तुमच्याकडे, कुठे जातायत?” म्हणतात. दहाही घरांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. मी काय केलं ते सांगूनसुद्धा आहे.

गेल्या आठवड्यात गुरुदत्त आले. बिल्डरला दोन मजले वाढवायचे आहेत, त्यासाठी नव्याने संमती हवी. सगळ्यांच्या वतीने म्हणाले, “या वेळीही तुम्हीच दाबून टाका.” मी विचारलं, आणि घर नंबर दोन? ते चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, “तानाजीच्या नावावर व्हायला वेळ आहे अजून. विमलाबाईंची चिठ्ठी आहे ना तुमच्याकडे? त्यांचंही करून टाका, मागच्या वेळेसारखं.”

मागच्या वेळेसारखं!  त्यांना कळलंही नाही आपण काय बोललो ते. किंवा कळलं असेल. त्या हॉलमध्येही त्यांना माझं सगळं पटलं होतं, संचिता. सगळ्यांनाच पटलं होतं. फक्त कुणालाच ते नको होतं.

रविवारी बसलो. दहा जणांचे, त्यांनी सांगितलं तसेच, आणि माझं एक, असे अकरा हो दाबले. मग नारळ, खिडकी, बुधवार, कंदील. डायरी उघडावी लागली नाही. मेलेल्या बाईच्या नावाने आत गेलो आणि ‘नाही’ दाबलं. त्यांनी माझा हात धरून सांगितलेली गोष्ट सव्वा वर्षाने केली. आता चेनमध्ये त्यांचं खरं मत आहे, आणि ते त्या गेल्यावर पाच महिन्यांनी मी खोटेपणाने घातलं आहे. यातलं काहीच पुसता येणार नाही.

मला वाटलं होतं आता गोंधळ उडेल. बिल्डर अडून बसेल, गुरुदत्त धावत येतील, कुणीतरी विचारेल की मेलेली बाई नाही कशी म्हणाली. मग पुन्हा सगळं सांगेन आणि या वेळी ऐकावं लागेल. दोन दिवस वाट पाहिली. काल बिल्डरचा माणूस सही घ्यायला आला तेव्हा मीच विचारलं, एक ‘नाही’ आलंय, अडत नाही का? त्याने मोबाईल बघितलासुद्धा नाही. म्हणाला, “काका, अकरा पुष्कळ झाले. मागच्या वेळीही आठवर भागलं असतं. बारा पाहिजेत असं साहेब सगळ्याच सोसायट्यांना सांगतात, लोक जरा लवकर हलतात.”

तो गेल्यावर मी सही केलेल्या जागीच बसून राहिलो. मागच्या वेळी मी त्यांचं ‘नाही’ दाबलं असतं तरी काही अडलं नसतं. घर गेलंच असतं, त्या जिन्यावर त्या राहायला गेल्याच असत्या. पण आठवी की नववी, ते त्यांनी कुणाला विचारलं नसतं.

तुझा,
सहदेवमामा